आजोबांच्या तालमीतल्या आठवणी आणि खासबाग कुस्ती मैदानातली हलगी टिपायची आहे, रेकॉर्डरवर कोणता मोड ठेवू?

दोन्हीला एकच मोड ठेवू नका. फॉरमॅट मात्र दोन्हीकडे वेव्ह (WAV, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी फाइल), २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. स्टिरिओत तासाला साधारण १ जीबी जागा जाते. १२८ केबीपीएसच्या एमपी३ला ५८ एमबीच्या आसपास लागते, पण त्यात गेलेला आवाज परत येत नाही. कार्ड दुसरं मिळेल, आजोबांचं ते बोलणं पुन्हा मिळायचं नाही.

आजोबांसाठी मोनो, म्हणजे एकच चॅनेल पुरे, फाइल निम्मी होते. पंखा बंद करा, लो-कट (खालची घरघर कापणारी सोय) चालू ठेवा, रेकॉर्डर तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला.

हलगीला स्टिरिओ ठेवा, लो-कट नको. खरी गंमत लेव्हलची आहे. ऑटो लेव्हल, म्हणजे रेकॉर्डरने आपोआप आवाज कमीजास्त करण्याची सोय, दोन्हीकडे बंदच. हलगी कडाडली की ही सोय आवाज दाबते आणि ठोक्याची धारच जाते; आजोबा आठवायला थांबले की उलट आवाज वाढवून भिंतीवरचं घड्याळ ऐकवते. मी पहिल्यांदा हीच चूक केली, अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये टिकटिकच जास्त! हाताने लेव्हल लावा: सर्वांत मोठा ठोका रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला पाहिजे. वादकाला आधी जोरात वाजवायला सांगा आणि तेव्हाच लावा, कारण मैदानात कुस्ती रंगली की तो आणखी चढवतोच.

तुमच्या रेकॉर्डरवर ३२ बिट फ्लोट (खूप लहान-मोठा आवाजही न फाटता साठवणारा मोड) असेल तर लेव्हलची चिंता बरीच मिटते, पण माइकच्या सहनशक्तीपलीकडचा आवाज त्यातही फाटतो. तेव्हा हलगीपासून चार पावलं मागेच उभे राहा.