सासूबाईंची चादर आणि तुझा राग

सलाम पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ही आपली बहीण नागपूरची, शाळेत शिकवते, सासूबाईंना लकवा मारून आठ महिने झाले आणि त्या अंथरुणावरच आहेत, नवरा बुटीबोरीला कंपनीत शिफ्टमध्ये, नणंद पुण्याला. नवतपाच्या, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाळ्याच्या दिवसात एका रात्री दोन वाजता लाइट गेलेली, कूलर बंद, आणि नुकतीच बदललेली चादर सासूबाईंनी परत ओली केली तर ही ओरडली, "मुद्दाम करता का तुम्ही?" त्यांना बोलता येत नाही, नुसत्या बघत राहिल्या, डोळ्यातून पाणी. तेव्हापासून चर्चच्या मंडळीत बाया "किती सेवा करते गं" म्हणाल्या की हिला तिथून उठून जावंसं वाटतं. एका वडीलधाऱ्या बाईंनी सांगितलं, क्रूस उचल आणि कुरकुर करू नको. हिचा प्रश्न असा की माझी प्रीती खोटी आहे का, आणि नवऱ्याला, नणंदेला मदत मागितली तर तो स्वार्थ होईल का, कारण प्रीती स्वार्थ पाहत नाही असं बायबलमध्ये लिहिलंय.

आधी त्या रात्रीचं बोलू. लकव्यात मेंदूला मार बसतो तेव्हा बऱ्याच जणांचा लघवीवरचा ताबा जातो, त्यात मुद्दाम काहीच नसतं, हे तुलाही माहीत आहे, रात्री दोनला आठवलं नाही एवढंच. आणि बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नाही. तर आज शाळेतून आल्यावर पर्स ठेव, त्यांच्याजवळ बस, हात हातात घे आणि म्हण, आई, त्या रात्री मी चुकली, मला माफ करा. त्या काही बोलणार नाहीत कदाचित, हात दाबतील, किंवा तेही नाही. तरी म्हण. आठ महिन्यांत तू रात्री किती वेळा उठली ते देवाला माहीत आहे बाप्पा, एका ओरडण्याने ते सगळं खोटं होत नाही, पण माफी राहून गेली तर ती चादर तुझ्या मनातून वाळणार नाही.

आता माझं सांगते. माझे सासरे शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते. मी कोणालाच काही म्हणायची नाही, मनात मात्र वही ठेवलेली, कोण आलं, कोण नाही आलं, कोण किती वेळ बसलं. एकदा जाऊ संत्र्यांची पेटी घेऊन आली आणि दोन तासांत निघून गेली, मला त्या संत्र्यांचा इतका राग आला की मी एकही फोड तोंडात टाकली नाही. लोक म्हणायचे काय त्याग आहे हिचा. आणि संध्याकाळी मी माझ्या पोरांवर खेकसायची, ती माझ्याजवळ यायला भ्यायची. तू जे वचन लिहिलंस ना, स्वार्थ पाहत नाही, त्याच ओळीत पुढे असंही आहे की प्रीती अपकार मनात धरत नाही. पहिली अर्धी ओळ मी पाळली असं सगळ्यांना दिसायचं, दुसऱ्या अर्ध्या ओळीत मी रोज नापास होत होती, कारण तोंडाने मागायचं नाही आणि मनाने विसरायचं नाही असं माझं चालू होतं.

म्हणून सांगते, माग. स्पष्ट माग.

क्रूस उचलण्याचं वचन बायबलमध्ये लूकच्या नवव्या अध्यायात आहे, तिथे दररोज "आपला" उचलायला सांगितलंय. नवऱ्याचा वाटा, नणंदेचा वाटा आणि तुझा वाटा एकत्र बांधून एकटीच्या खांद्यावर घ्यायला येशूने सांगितलेलं मला तरी कुठे सापडलं नाही. आणि इफिसकरांच्या पत्राचा पाचवा अध्याय काढून बघ, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं करा हे पौलाने तिथे कोणाला लिहिलंय? नवऱ्यांना. आपल्याकडे त्यागाचं प्रवचन सुरू झालं की सगळ्यांच्या माना सुनेकडे वळतात, मला याचं फार वाईट वाटतं. सरकारचा २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदासुद्धा आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलगा, मुलगी आणि मोठ्या नातवंडांवर टाकतो, त्या व्याख्येत सून नाही. तू नवऱ्याला कायदा दाखव असं मी म्हणून नाही राहिली, फक्त तुझ्या मनातून हे काढून टाक की मदत मागणं म्हणजे तुझी कामचोरी.

आणखी एक गोष्ट मला नेहमी थांबवते. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात येशू वधस्तंभावर आहे, याहून मोठा त्याग कोणता, आणि त्या अवस्थेत तो खाली आईकडे बघतो आणि तिला एका शिष्याच्या हवाली करतो, आणि त्या वेळेपासून तो शिष्य तिला आपल्या घरी घेऊन जातो. म्हणजे जीव देता देता त्याने आईची सोय लावली, आणि ती दुसऱ्याला सांगून लावली. मग तू नवऱ्याला सांगितलं तर काय बिघडलं गं?

फक्त भांडणात नको सांगू, आणि "तुम्हाला काय फरक पडतो" अशी सुरुवात तर मुळीच नको. त्याच्या सुट्टीच्या दिवशी, जेवण झाल्यावर, एक कागद घेऊन बस. पडून पडून अंगाला जखमा (बेडसोअर) होऊ नयेत म्हणून पेशंटला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, ते कागदावर मांड, रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत, आणि त्याला बघू दे की तुझी झोप किती तुकड्यांत होते. पुरुषमाणसाला कधी कधी खरंच दिसत नाही, कारण तो सकाळी उठतो तेव्हा चादर बदललेली असते. त्याची रात्रपाळी नसेल त्या आठवड्यात तीन रात्री त्याच्या. आई त्याची आहे, तिचं अंग पुसायला त्याला लाज वाटत असेल तर पहिले दोन दिवस तू सोबत राहा, मग सवय होते. नणंदेला व्हॉट्सॲपवर वचनं पाठवते म्हणून टोमणा मारू नको, फोन करून सरळ विचार, दिवसा पेशंट सांभाळणाऱ्या बाईचा अर्धा पगार तू देशील का, आणि दिवाळीत पंधरा दिवस येऊन राहशील का. हवेची गादी आणि गादीवर टाकायला रबरी शीट आणली नसेल तर या महिन्यात आण, अर्ध्या रात्रीचं धुणं वाचेल. नणंद नाही म्हणू शकते. म्हणाली तर दुखेल, पण तिचं "नाही" मनातल्या वहीत लिहून ठेवू नको, मी लिहून ठेवलं होतं आणि त्याचं मला काय मिळालं ते वर सांगितलंच.

एवढं सगळं वाटून झालं तरी काही रात्री तुझ्याच असतील. नवरा कंपनीत, बाई सुट्टीवर, लाइट गेलेली, आणि चादर ओली. त्या वेळी उठावं लागेल, कंबर दुखत असेल तरी, आणि कोणी बघत नसेल, मंडळीत कोणाला कळणार नाही. ती रात्र तू सासूबाईंना मनापासून दे. झोप झालेल्या बाईला ते जमतं. आठ महिने न झोपलेल्या बाईकडून तीच गोष्ट नुसती ओढून निघते, मग तोंडातून तसले शब्द येतात.

येत्या रविवारी उपासनेला तू जा आणि नवऱ्याला घरी आईजवळ ठेव. परत यायची घाई करू नको, मैत्रिणीकडे तर्री पोहे खाऊन ये.

तुझी,
मावशी