माझ्या टाकीतले दोन गोल्डफिश तिसऱ्याच्या सतत मागे लागतात. भांडतात का? वेगळे करावेत का?

बहुधा भांडण नाही हे. गोल्डफिश हद्दीवरून मारामाऱ्या करणारा मासा नव्हे. मागे लागलेले ते दोघे नर, आणि पुढे पळतेय ती गाबोळीने भरलेली मादी. तिच्या अंगातून पाण्यात सुटणाऱ्या द्रव्यांचा वास नरांना लागतो आणि ते तिच्या पोटाला, शेपटीखाली ढुशा देत सुटतात. त्या ढुशांनीच अंडी बाहेर पडतात. नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीकडच्या पंखांच्या पुढच्या काठावर रव्यासारखे पांढरे दाणे येतात. ते बघून औषध ओतू नका. व्हाइट स्पॉट या माशांच्या रोगाचे ठिपके शेपटीसकट अंगभर कुठेही येतात.

वेगळं करायचं का? हो, मादीला, ती थकली की. "निसर्गाचं काम आहे, मध्ये पडू नका" म्हणणारा प्रत्येक घरात एक असतो. आमच्या घरी ते धाकटे भावोजी. मालगुंडला मागच्या पडवीलगत आमची चिऱ्याची टाकी आहे, विहिरीच्या पाण्याची. शिमग्याच्या तोंडावर थंडी ओसरली, आम्ही टाकी अर्धी उपसून ताजं पाणी भरलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच खळखळाट सुरू. तीन नर आणि एकच मादी. भावोजी पालखीसाठी मुंबईहून आलेले. पोरांना गोळा करून दाखवत बसले. उन्हं वर आली तरी नर थांबेनात. मादीचे खवले उडालेले, शेपूट फाटलेली, ती चिऱ्याला टेकून तिरकी तरंगायला लागली. मी बादली घेऊन गेले तर म्हणाले, "वहिनी, तळ्यात कोण काढतं त्यांना बाहेर?"

तळ्यात तिला पळायला अख्खं तळं असतं. ती पाणवनस्पतींत शिरते, खोल जाते, नर मागे पडतात. इथे चार भिंती. एकीमागे तीन नर आपणच सोडलेले, वाटही आपणच बंद केलेली, मग निस्तरायचं कुणी? मी तिला उचलली, त्याच विहिरीच्या पाण्यात वेगळी ठेवली आणि ती जगली. भावोजी अजून म्हणतात, ती तशीही जगली असती. नसती जगली.

पहाटे सुरू झालेलं हे बहुधा दुपारपर्यंत आटोपतं. तेवढं चालू द्या, पण मादी तिरकी झाली की वाट बघू नका. अंडी चिकट असतात. आधीच भिजवून धुतलेला काथ्या टाकीत सोडून ठेवा, त्यालाच लागतात. मग काथ्या उचलून दुसऱ्या भांड्यात, नाहीतर आईबापच अंडी खाऊन टाकतात. हाही निसर्गच; पिल्लं हवी असणारा कुणी अंडी तिथे ठेवतो का? पाणी २४-२५ अंशांवर असेल तर तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं मातकट दिसतात, सोनेरी रंग काही महिन्यांनी चढतो.

एक राहिलं. दाणे दिसत नसतील आणि पाठलाग वर्षभर चालत असेल, तर कारण वेगळं असू शकतं: जागा कमी, पाणी खराब, किंवा तो एक मासा आजारी. आजाऱ्याला बाकीचे टोचतात. सगळे नरच असले तरी कधीकधी एकाच्या मागे लागतात. टाकी केवढी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. काचेचं गोल भांडं असेल तर बाकी सगळं सोडा, आधी मोठी टाकी आणा.