दावा गैरहजेरीत निघाला, आता आणखी पैसे घालावेत का?

मिरजेजवळच्या एका निवृत्त शिक्षिका ताईंचं पत्र आलं. ओळखीच्या दुकानदाराला त्यांनी 5 लाख रुपये हातउसने दिले होते, स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊन. पैसे परत आले नाहीत म्हणून दावा लावला. कोर्ट फी आणि वकील धरून साठेक हजार गेले. मग एका तारखेला यजमान हॉस्पिटलमध्ये होते, ताई तिथे अडकल्या आणि वकीलही उभे राहिले नाहीत. प्रतिवादी, म्हणजे तो दुकानदार, हजर होता. दावा निघाला, म्हणजे कोर्टानं तो फेटाळला. नवे वकील 45 हजार मागतात. मुदत ठेव मोडू का, हा त्यांचा प्रश्न.

ताई, ठेव मोडू नका. पण अर्ज मात्र करा, आणि तोही आधी. प्रतिवादी हजर असताना वादी गैरहजर राहिला म्हणून दावा काढला, तर त्याच कारणासाठी नवा दावा लावता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9, नियम 9 प्रमाणे तोच दावा पुन्हा नंबरवर घ्या, म्हणजे पुन्हा चालू करा, असा अर्ज करावा लागतो. त्याला मुदत आहे 30 दिवसांची. तुमचे 19 दिवस गेले होते, म्हणून पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला फोन केला. मुदत टळली तर विलंब माफीचा वेगळा अर्ज आणि त्याचा वेगळा खर्च.

आता पैशाचं. गेलेले साठ हजार हिशेबातून काढून टाका. ‘एवढे घातले, आता मागे कसं फिरू’ या भावनेनं माणसं आणखी दोन लाख घालवताना मी पाहिली आहेत. आजचा प्रश्न एवढाच, की हुकूमनामा, म्हणजे पैसे द्यायचा कोर्टाचा हुकूम, मिळाला तर त्या माणसाकडून वसूल काय होईल? दुकानाचा गाळा त्याच्या नावावर आहे, असं तुम्ही लिहिता. ते ऐकीव आहे की कागदावर? नगरपालिकेचा उतारा, मिळकत पत्रिका, इंडेक्स टू (खरेदी-विक्रीच्या नोंदणीचा उतारा) काढून बघा. खर्च थोडाच येतो, आणि माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात मोलाचे कागद तेच. गाळा खरंच त्याचा असेल तर दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी केलेल्या अर्जात, जप्ती होऊ शकते. तो बायकोच्या नावावर निघाला, तर हुकूमनामा हातात घेऊन बसाल. दरखास्तीला 12 वर्षांची मुदत आहे खरी, पण वाट बघण्याचंही वय असतं.

उतारे हाती येईपर्यंत अर्जापुरताच खर्च करा. 45 हजार एकदम देऊ नका. वकिलांना सांगा, अर्ज, सुनावणी, पुरावा असे टप्पे पाडून फी कागदावर लिहून द्या. दावा पुन्हा नंबरवर घेताना कोर्ट तुम्हाला समोरच्याचा काही खर्च द्यायला लावू शकतं, ते पैसे बाजूला ठेवा. हात अगदीच आखडला तर ठेवीवर तारण कर्ज घ्या. बहुतेक बँका ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त लावतात आणि ठेव शाबूत राहते.

आणखी एक, जे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं. तिथे जायला संकोच करू नका.

दावा नंबरवर आला की लोकअदालतीत ठेवायला सांगा. तिथे तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळण्याची तरतूद आहे आणि निवाड्यावर अपील होत नाही. किती घेऊन मिटवायचं? निकाल आणि वसुलीला 6 वर्षं लागतील असं धरा; 7 टक्के व्याजाने आजचे 3 लाख 33 हजार तेवढ्या काळात 5 लाख होतात. म्हणून तो साडेतीन लाख रोख देत असेल, तर मी तुमच्या जागी घेईन. कोर्ट व्याज देईलही, पण तुमच्या वयाला आणि यजमानांच्या औषधाला आज पैसे लागतात. हप्त्यांवर मात्र पुढच्या तारखांचे चेक घेऊन मगच सही करा.

गैरहजेरीचं कारण दाखवायला यजमानांचं डिस्चार्ज कार्ड अर्जाला जोडायचं आहे. वकिलांना झेरॉक्स द्या, मूळ प्रत स्वतःजवळ ठेवा; कोर्टाने मागितली तर तुम्हीच दाखवा.