'अल्पायुषी' की 'अकाली'?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सरांनी विचारलंय: शाळेच्या व्हरांड्यात ज्ञानेश्वर, आनंदीबाई जोशी, बालकवी आणि इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे बाबूराव शेडमाके यांची चित्रं काढतोय. वर 'अल्पायुषी थोर माणसे' लिहू की 'अकाली गेलेली थोर माणसे'?

सर, शब्द दोन्ही शुद्ध आहेत, पण त्यांचं काम वेगळं. 'अल्पायुषी' हे माणसाचं विशेषण. ते आयुष्य मोजतं, हळहळत नाही. म्हणून वर्षभरात पडलेल्या सरकारलाही चालतं. 'अकाली' मुळात सप्तमी, 'घरी', 'दारी' यांच्या जातीची. अर्थ, वेळ झाली नसताना. 'तो अल्पायुषी होता' म्हणता येतं, 'तो अकाली होता' नाही. तो अकाली गेला. आपल्या ओळखीचा 'अवकाळी' याचाच भाऊ. हरभरा सोंगून वावरात पडलेला असतो अन् हा बदाबदा येतो. पाऊस नेहमीचाच, वेळ तेवढी चुकलेली.

आनंदीबाईंना हा शब्द नेमका बसतो. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयानं गेल्या. वय २१. कोल्हापूरच्या इस्पितळातली नेमणूक तशीच राहिली. आमच्या यवतमाळकडे अशा वेळी बाया म्हणतात, "हाताशी आलेलं पोट्टं गेलं." यात वर्षं कोणी मोजत नाही, आता कुठे कामाला, आधाराला आलं होतं, हे दुःख. मला विचाराल तर दोन्ही संस्कृत शब्दांपेक्षा हे जास्त खरं बोलतं. बालकवीही तसेच, १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली गेले तेव्हा अठ्ठाविसावं चालू होतं.

पण ज्ञानेश्वरांना 'अकाली गेले' म्हणून बघा, गावातला एखादा माळकरी तिथंच अडवेल. १२९६ मध्ये आळंदीला त्यांनी समाधी घेतली, आपणहून. वेळ चुकली म्हणणारे आपण कोण?

आणि शेडमाके तर तुमच्याच मातीतले. १८५८ मध्ये इंग्रजांनी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, त्यांना फाशी दिलं, वय २५. तिथं 'अकाली निधन' लिहिलंत तर पोरांना वाटेल तापानं गेले असतील. मारणाराच वाक्यातून गायब होतो.

तेव्हा मथळ्यात 'अल्पायुषी' ठेवा, चौघांनाही चालेल. खाली ज्याचं क्रियापद त्याला: समाधी घेतली, क्षयानं गेल्या, अपघातात गेले, फाशी दिलं. अन् पेंटरला बजावा, 'यु' ऱ्हस्व. हमखास दीर्घ काढतात.