वीस हजारांच्या आतला लॅपटॉप : घ्यावा की नको?

प्रश्न : मुलगी यंदा बी.सी.ए.ला जाते आहे. बजेट अठरा ते वीस हजार. दुकानदार नवा कोरा लॅपटॉप दाखवतोय : सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, वर्षाची वॉरंटी. तेवढ्याच पैशांत कंपनीतून निघालेला जुना लेनोवो थिंकपॅड मिळतो म्हणतात, पण जुन्या मालाला मन धजत नाही. काय करावं?
*– एक पालक, बार्शी*

उत्तर : मन धजत नाही हे समजण्यासारखं आहे, पण या कामासाठी आणि या पैशांत जुनाच घ्या.

नव्याची अडचण प्रोसेसरमध्ये अर्धीच आहे. खरी मेख अशी, की या किमतीच्या बहुतेक मॉडेलांत रॅम आणि स्टोरेज दोन्ही मदरबोर्डवर सोल्डर केलेलं असतं. आज ४ जीबी घेतली की ती शेवटपर्यंत ४ जीबीच. विंडोज ११ नुसतं सुरू झालं तरी त्यातली निम्मी रॅम खातं. ब्राउझरमध्ये सात-आठ टॅब उघडले की उरलेलीही संपते आणि विंडोज स्टोरेजचा काही भाग रॅमसारखा वापरू लागतं. तिथे एसएसडी (वेगवान स्टोरेज) नसते, ईएमएमसी नावाची संथ स्टोरेज चिप असते. तिचा वाचण्याचा वेग सेकंदाला अडीचशे-तीनशे एमबी, साध्या एसएसडीचा पाचशेच्या वर. शिवाय ईएमएमसीला एकाच वेळी वाचता आणि लिहिता येत नाही. मशीन मध्येच दहा सेकंद गप्प बसतं ते यामुळे.

जागेचा हिशेबही करा. ६४ जीबी म्हणून विकलेली चिप विंडोजमध्ये ५८-५९ दिसते. विंडोज आणि त्याची अपडेटं तीसच्या आसपास घेतात, ऑफिसला चार-पाच लागतात. उरलेल्या वीस-बावीसमध्ये पायथन, मायएसक्यूएल आणि प्रोजेक्टच्या फायली कशाबशा बसतील. पुढे मोबाइल अॅपचा विषय आला तर मात्र अडेल, कारण अँड्रॉइड स्टुडिओला किमान ८ जीबी रॅम लागते.

जुन्यात थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ५४९० किंवा एचपी एलिटबुक ८४० जी५ यांपैकी एखादा बघा. तिन्ही २०१८ च्या सुमाराचे, चौदा इंची. इंटेलच्या आठव्या पिढीचा i५-८२५०यू किंवा ८३५०यू प्रोसेसर म्हणजे चार कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग). एन४०२० ला दोनच. रॅमचे दोन स्लॉट, एसएसडी काढून मोठी घालता येते. आठवी पिढी मुद्दाम सांगतो आहोत, कारण विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे ‘कोअर’ मालिकेतले प्रोसेसर साधारण तिथून सुरू होतात. टी४७० दिसायला टी४८० सारखाच असतो आणि काही विक्रेते तोच पुढे सरकवतात. त्यामुळे बाहेरच्या स्टिकरवर विसंबू नका. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’खाली ‘अबाउट’ उघडा आणि प्रोसेसरचा चार आकडी क्रमांक ८ ने सुरू होतो का ते पाहा. i५-७३००यू म्हणजे सातवी पिढी.

हलकाच हवा असेल तर थिंकपॅड एक्स२८० साडेबारा इंची, सव्वा किलोच्या आसपास आहे. त्याची रॅम मात्र सोल्डर केलेली असते, म्हणून तो ८ जीबीच्या खाली घेऊ नका.

प्रश्न : मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुना लॅपटॉप घ्यायचा आहे. दुकानात उभ्या उभ्या काय तपासावं?
*– एक वाचक, कल्याण*

उत्तर : अर्धा तास हाताशी ठेवा, आणि उभ्या उभ्या नको, स्टूल मागून घ्या.

सुरुवात कुलपांपासून, म्हणजे पासवर्ड आणि जुन्या कंपनीच्या लॉकपासून, कारण बाकी सगळं दुरुस्त होतं, हे होत नाही. मशीन चालू करतानाच बायोस (विंडोजच्या आधीची मूळ सेटिंग्ज) उघडा : थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. पासवर्ड मागितला तर तिथेच ‘नको’ म्हणा. आत गेलात तर सिक्युरिटीच्या पानावर ‘कॉम्प्युट्रेस’ किंवा ‘अॅब्सोल्यूट’ (मशीनवर दुरून पाळत ठेवणारी सोय) चालू तर नाही ना, ते पाहा. मग दुकानदाराला विंडोज रीसेट करायला सांगा आणि पहिल्या सेटअपच्या वेळी स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा. इंटरनेट मिळताच एखाद्या कंपनीचं नाव आणि तिचं लॉगिन पडद्यावर आलं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या यादीत आहे. इंटरनेटशिवाय सेटअप करून दिलेल्या मशीनमध्ये हे दिसत नाही. पुढे कधी रीसेट केलं की समोर येतं. रीसेटला वेळ लागतो, म्हणून आधी फोन करून तयार ठेवायला सांगा.

मग बॅटरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये `पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट` ही आज्ञा रोमन लिपीत टाइप करा. तयार झालेल्या फाइलमध्ये मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे मिळतील. दुसरा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागा. टी४८० मध्ये बॅटऱ्या दोन असतात, एक आत आणि एक बाहेरून लागणारी. दोन्हींचे आकडे बघा. अनेकदा बाहेरची नवी टाकलेली असते आणि आतली मेलेली.

टी४८० असेल तर चार्जर दोन्ही टाइप-सी पोर्टना लावून पाहा. २०१७ ते २०१९ च्या काही थिंकपॅडमध्ये थंडरबोल्ट (वेगवान टाइप-सी) पोर्टच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये दोष होता. लेनोवोने अपडेट दिलं, पण ते वेळेत न घातलेल्या मशीनचा पोर्ट चार्जिंग घेणं बंद करतो. दुरुस्ती म्हणजे मदरबोर्डवरचं काम.

बाकीचं पटकन होतं. नोटपॅडमध्ये प्रत्येक की दाबा, पडदा पूर्ण पांढरा करून डाग शोधा, झाकण पाच-सहा वेळा उघडमिट करून बिजागऱ्या ढिल्या नाहीत ना ते बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये एसएसडीची तब्येत नव्वद टक्क्यांच्या खाली नको. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्यायला विसरू नका.

प्रश्न : माझ्याकडे दहा इंची, कीबोर्ड वेगळा होणारा लॅपटॉप आहे : अॅटम झेड३७३५एफ, २ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज. विंडोज १० चं अपडेट दरवेळी ‘जागा नाही’ म्हणून अडतं. विंडोजऐवजी लिनक्स टाकायचा प्रयत्न केला तर पेन ड्राइव्ह दिसतच नाही. मशीन चांगल्या स्थितीत आहे, टाकवत नाही.
*– एक वाचक, लातूर*

उत्तर : पेन ड्राइव्ह न दिसण्यात तुमची चूक नाही. हा प्रोसेसर ६४ बिट आहे, पण कंपन्यांनी मशीनमध्ये बसवलेलं यूईएफआय (मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) ३२ बिटचं. नेहमीच्या लिनक्सच्या पेन ड्राइव्हवर फक्त ६४ बिटची बूट फाइल असते, ती या मशीनला ओळखूच येत नाही. पेन ड्राइव्हवरच्या ईएफआय फोल्डरातल्या बूट फोल्डरमध्ये ‘बूटआयए३२’ नावाची ईएफआय फाइल असलेलं लिनक्सचं वितरण (आवृत्ती) निवडा. डेबियन या वितरणाच्या ६४ बिट इन्स्टॉलरमध्ये ती असते. लिनक्सचा पडद्यावरचा डेस्कटॉप हलका घ्या, एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई. या जातीच्या मशीनमध्ये आवाज आणि वायफाय कधी लगेच चालतात, कधी नाही. म्हणून यूएसबी हब आणि यूएसबी वायफाय डोंगल हाताशी ठेवा, आणि सगळं चालतंय याची खात्री होईपर्यंत विंडोज पुसू नका.

विंडोजच ठेवायचं असेल तर ‘डिस्क क्लीनअप’मध्ये ‘क्लीन अप सिस्टीम फाइल्स’ दाबून जुन्या अपडेटच्या फायली काढा. मोठ्या अपडेटच्या वेळी १६ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लावा. जागा कमी पडली की अपडेट बाहेरची डिस्क वापरू देतं. पण विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ यावर अधिकृतपणे चढत नाही. बँकेचे व्यवहार यावर नकोत.

आणि एक गोष्ट हातानेच तपासा. मशीन सपाट टेबलावर ठेवल्यावर डुगडुगतं का? पडदा कडेने वर आलाय? तसं असेल तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग ताबडतोब थांबवा. फुगवटा दाबू नका, टोचू नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. एस.टी.च्या प्रवासात मांडीवर घेऊन मराठी लिहिता यावं म्हणून अकरा इंची क्रोमबुक घ्यावं का?
*– एक वाचक, रत्नागिरी*

उत्तर : तुम्ही युनिकोडमध्ये (मोबाइल-इंटरनेटवर चालतं ते मराठी) लिहीत असाल तर जरूर. क्रोमबुकमध्ये विंडोजऐवजी गूगलचं क्रोमओएस असतं; त्याला ४ जीबी रॅम विंडोजइतकी अपुरी पडत नाही, बहुतेक मॉडेलांत पंखा नसतो आणि बॅटरी दिवसभर पुरते. तुमचा प्रकाशक किंवा छापखाना श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टंकनाच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाँटमधलाच मजकूर मागत असेल, तर मात्र थांबा. ती विंडोजची सॉफ्टवेअर आहेत, क्रोमबुकवर चालत नाहीत. युनिकोड चालतं का, हे आधी त्यांनाच विचारा. आता बरेच जण स्वतः रूपांतर करून घेतात.

घेताना ‘अबाउट क्रोमओएस’मध्ये अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख पाहा. २०२१ पासून आलेल्या मॉडेलांना दहा वर्षं अपडेट देण्याचं गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं. पण ती वर्षं त्या मॉडेलाचा हार्डवेअर प्लॅटफॉर्म (आतली मूळ रचना) बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नव्हे. सवलतीत मिळणाऱ्या जुन्या साठ्यात इथेच फसगत होते.

घाटात रेंज जाते, म्हणून गूगल डॉक्समधला ऑफलाइनचा पर्याय घरूनच चालू करून निघा. अकरा इंचीत स्वल्पविराम, अवतरणचिन्हं यांच्या कडेच्या कळा कधी कधी अरुंद केलेल्या असतात, आणि इनस्क्रिप्ट कळफलकाने लिहिणाऱ्याला त्या सतत लागतात. दुकानात ‘ज्ञ, श्र, क्ष, ट्र, र्‍ह’ टाइप करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : छोटं किराणा दुकान. टॅली, जीएसटी आणि डिजिटल सहीचं टोकन एवढंच काम. क्रोमबुक किंवा जिओबुक (जिओचा स्वस्त लॅपटॉप) चालेल?
*– एक व्यापारी, सांगली*

उत्तर : नाही. या दोन्हींवर विंडोज नसतं; टॅली प्राइम विंडोजचा प्रोग्रॅम आहे आणि सहीच्या टोकनचा ड्रायव्हरही विंडोजवर बसवावा लागतो. नवाच हवा असेल तर इंटेल एन१०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि ‘एसएसडी’ असं स्पष्ट लिहिलेला घ्या. विंडोज ‘एस मोड’मध्ये (फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधले प्रोग्रॅम चालू देणारी अवस्था) आलं असेल तर टॅली बसणार नाही; मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एस मोड फुकट काढता येतो, परत लावता येत नाही. टोकन जाड असतं, शेजारचा पोर्ट अडवतं. म्हणून मोठे यूएसबी पोर्ट किमान दोन, आणि तेही एकमेकांना चिकटून नकोत.

प्रश्न : भंगारवाल्याकडे २००९ चं नेटबुक (छोटा लॅपटॉप, अॅटम एन२७० प्रोसेसर) दीड हजारात मिळतंय. भाच्याला शिकायला घेऊ?
*– एक वाचक, म्हापसा*

उत्तर : नको. हा प्रोसेसर ३२ बिटचाच आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सने तशा मशीनवर नव्याने बसवण्याची सोयही काढून टाकली. दीड हजार बाजूला ठेवा, पुढे रॅम घ्यायला उपयोगी पडतील.