थंडीत सकाळी ऑटोमॅटिक गिअर स्लिप का होतो?

शिकागोच्या उणे 15 अंशांत ‘डी’ (ड्राइव्ह) टाकल्यावर आरपीएम (इंजिनचे फेरे) चढतो, गाडी मात्र जागची हलत नाही आणि दहा मिनिटांनी सुरळीत चालते, म्हणताय. मग गिअरबॉक्स उतरवायची घाई नको, आधी गिअरबॉक्सचं ऑइल बघा. थंडीत ते घट्ट होतं, रबरी सील कडक होतात. त्यात ऑइल कमी असलं की गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचला पुरेसा दाब मिळत नाही.

गिअरबॉक्सला डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) असेल तर पातळी बघा (बहुतेक गाड्यांत गरम करून, इंजिन चालू ठेवून, मॅन्युअल वाचा). एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. लालसर असेल तर ठीक. काळपट आणि जळका वास? मग क्लच झिजले असणार. ऑइल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं घ्या, ‘सगळ्या गाड्यांना चालतं’वालं नको. गरम झाल्यावरही स्लिप होत असेल तर चालवू नका, टो करूनच न्या.