नमुना नापास झाला आणि अहवाल कपाटात गेला

तुम्ही पत्रात लिहिता की तुम्ही वसतिगृहाची मेस चालवता. दुपारी साडेबाराला पंगत बसली, अडीचच्या सुमारास चाळीसेक मुलांना उलट्या सुरू झाल्या. पाचला अन्न सुरक्षा अधिकारी आले, पातेल्यात उरलेल्या भाजीचा नमुना घेऊन गेले आणि मेस बंद झाली. ६ जानेवारीला अहवाल हातात पडला: साल्मोनेला आढळला, अन्न असुरक्षित. मेहुणे म्हणाले, कोर्टाचं समन्स आलं की बघू. मेसवाले, केटरर, कँटीनवाले अशा सगळ्यांच्याच पत्रांत हा ‘बघू’ असतो.

समन्स येईपर्यंत बघण्यासारखं फारसं उरत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४६(४) खाली अन्न विश्लेषकाच्या, म्हणजे नमुना तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या अधिकाऱ्याच्या, अहवालावर अपील करता येतं. ते करायचं डेसिग्नेटेड ऑफिसरकडे (अन्न सुरक्षेचा जिल्ह्याचा अधिकारी), २०११ च्या नियमांतल्या फॉर्म आठमध्ये, अहवालाची प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत. महिना नव्हे, ३० दिवस. ६ जानेवारीला मिळाला, तर ५ फेब्रुवारी शेवटची. तुमचं पत्र २७ तारखेचं, म्हणजे २१ दिवस तुम्ही कपाटात घालवले. प्रत कधी मिळाली याचा पुरावा म्हणजे पोचपावती किंवा टपालाचा शिक्का असलेलं पाकीट. पाकीट फेकलं नसेल अशी आशा आहे.

अपील केलं की नमुना आपोआप रेफरल प्रयोगशाळेत, म्हणजे फेरतपासणीच्या वरच्या प्रयोगशाळेत, जातो, असा समज आहे. तो चुकीचा. पाठवायचा की नाही हे डेसिग्नेटेड ऑफिसर ठरवतो. त्यामुळे ‘अहवाल मान्य नाही’ एवढ्या एका ओळीचं अपील म्हणजे कागद वाया. कारणं लिहा, आणि ती तुमच्याच कागदांत आहेत. पंचनाम्यावर नमुना घेतल्याची वेळ पाच आहे. साडेबाराला वाढलेली भाजी साडेचार तास उघड्या पातेल्यात, साध्या तापमानाला पडून होती. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. पाच वाजताचं पातेलं साडेबाराच्या ताटाबद्दल किती सांगतं, हा पहिला प्रश्न. नमुना निर्जंतुक भांड्यात घेतला का, बर्फात नेला का, प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पोचला आणि तपासणी कधी सुरू झाली, हे पुढचे. प्रयोगशाळा कलम ४३ खाली मान्यताप्राप्त आहे का, तेही तपासा. २०१५ च्या मॅगी प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने याच मुद्द्याला वजन दिलं होतं.

सगळ्यात जड मुद्दा मात्र घड्याळाचा. साल्मोनेलाची लक्षणं साधारण ६ ते ७२ तासांनी दिसतात. दोन तासांत उलट्या होणं हे स्टॅफिलोकोकस किंवा बॅसिलस सेरियसच्या विषाचं लक्षण. तेव्हा सापडलेला जंतू एक आणि आजाराचं कारण दुसरं, असं असू शकतं. लगेच हुरळून जाऊ नका. भाजीत साल्मोनेला खरोखर असेल, तर कोणी आजारी पडलं नसतं तरी ती असुरक्षितच. पण असुरक्षित अन्नाची शिक्षा सांगणाऱ्या कलम ५९ मध्ये इजा झाली की नाही यावर शिक्षा बदलते. किरकोळ इजेलाही एक वर्षापर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड आहे. शिवाय कलम ६५ ची भरपाई इजेवरच उभी आहे. म्हणून आरोग्य विभागाने साथीच्या वेळी केलेली रुग्णयादी हवी: कोणी काय खाल्लं, कोणाला किती वाजता त्रास झाला, शौचाच्या नमुन्यात काय निघालं. नावं झाकून द्या म्हणत माहिती अधिकारात मागा. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, तेव्हा त्यासाठी अपील थांबवू नका. ‘रुग्णयादी मागितली आहे, आल्यावर जोडू’ असं त्यातच लिहा.

नमुन्याचे चार भाग होतात आणि चौथा तुमच्या खर्चाने दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायची मागणी करता येते. नमुना घेताना दिलेल्या नोटिशीवर, म्हणजे फॉर्म पाच-अ वर, तुम्ही न वाचता सही केलीत. ती संधी गेली, आता त्यावर शाई खर्च करू नका.

मेस कोणत्या कलमाखाली बंद आहे ते पत्रात नाही. कलम ३४ ची तातडीची बंदी असेल, तर त्रुटी दूर करून बंदी उठवण्याच्या प्रमाणपत्राचा अर्ज द्या. त्यावर सात दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. कलम ३२ ची सुधारणा नोटीस असेल, तर अपिलाचे १५ दिवस बहुधा उलटून गेलेत. तुम्ही कॉलेजला माफीपत्रही दिलंय; खटल्यात त्याचा कितपत उपयोग होईल हे न्यायाधीशावर आहे. दुसरं माफीपत्र मात्र देऊ नका. आणि वर्षभरात खटला आला नाही म्हणून मिटलं असंही समजू नका: खटला भरण्याची कलम ७७ ची एक वर्षाची मुदत अन्न सुरक्षा आयुक्त लेखी कारणं देऊन तीन वर्षांपर्यंत नेऊ शकतात.

अपिलाच्या दोन प्रती करा. एक आवक विभागात द्या, दुसरीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ५ तारखेची वाट न पाहता उद्याच जा. ५ तारखेलाच आवक कारकून रजेवर निघाला, तर मुदत तुमचीच जाते.